संपातल्या गौरीचा नाच

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. शेकडो साचे एकाच छपराखाली धडधडत असायचे, त्यामुळे तिथली माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलत. वडील घरीसुद्धा तसंच बोलायचे. हाक मारायच्याऐवजी हात हलवायचे. आपण काही सांगायला गेलो की आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचे. ते बहिरे होत चाललेत हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण त्यांच्या खात्यातली आमच्या चाळीत राहणारी सगळीच माणसं थोडीफार तशी होती.

हेच वडील चाळीच्या नाचात मृदंग वाजवायचे.

आमची चाळ रत्नागिरीकडच्या माणसांची. ज्यांना रजा मिळे ते गणपतीला गावी जात. राहिलेले गौरीच्या दिवशी चाळीच्या चौकात जाखडी करत. मध्ये शाहीर, मृदंगवाला आणि झांजवाला बसतात, आणि एका पायात घुंगरांचे चाळ बांधलेले गडी त्यांच्याभोवती गोल फिरत नाचतात. आधी गण, मग गवळण, मग सवाल. गावाकडे हे रात्रभर चालतं. आमच्याकडे मात्र भरदुपारी व्हायचं, पहिल्या पाळीची माणसं सुटून, जेवून आली की. दुसऱ्या पाळीवाल्यांना ते कधी बघायलाच मिळायचं नाही, म्हणून ते दर वर्षी भांडायचे. बायका गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या राहायच्या, मुलं जिन्यावर बसायची. आजूबाजूच्या चाळींतून घरंच्या घरं बघायला यायची. आईने केलेलं घावन-घाटलं मी ताटल्यांतून खाली नेऊन द्यायची. त्या दिवशी आमच्या चौकात मुंबई नव्हतीच म्हणा. गाणी गावची, शिव्या गावच्या, हसणंही गावचं.

वडिलांना गाणं किती ऐकू येत होतं, देव जाणे. ते गड्यांच्या पायांकडे बघून वाजवायचे. मान खाली, नजर फिरणाऱ्या पायांवर. पाय उचलला की थाप, टेकला की थाप. त्यात कधी चूक झालेली मला आठवत नाही.

गाणारे शाहीर आमच्याच मजल्यावर, दोन खोल्या सोडून राहायचे. वडिलांच्या वाडीतले, आणि खात्यातही दोघांचे साचे शेजारी. मी त्यांना काका म्हणायची. उंच, वाळके, पुढचे दात थोडे बाहेर. बोलताना आवाज अगदी साधा, पण गायला लागले की वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसंही खाटेवर उठून बसायची. गाणी ते साच्यावर उभं राहून रचायचे. तिथे इतका आवाज असायचा की कितीही मोठ्याने गायलं तरी कोणाला कळत नसे. एकदा मला म्हणाले, “साचा ठेका देतो गो. आपण नुसते शब्द टाकायचे.”

संप लागला तेव्हा मी आठवीत होते. त्या वर्षीची गौर मला चांगली आठवते, कारण त्या वर्षी पहिल्यांदाच दुसऱ्या पाळीवाल्यांनाही नाच बघायला मिळाला. सगळेच घरी होते. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी नेहमीचा गण म्हटला आणि गवळणीच्या जागी स्वतः रचलेलं गाणं घेतलं. त्यातली एकच ओळ माझ्या लक्षात राहिली आहे, “साचा पुसे धोट्याला, का रे आज थांबला”. धोटा इकडून तिकडे धागा घेऊन पळतो, तो थांबलाय आणि साचा त्याला कारण विचारतोय, असं ते गाणं होतं. गड्यांनी ते उचललं, मग गॅलरीतल्या बायकांनी. त्यानंतर काकांना परळच्या, काळाचौकीच्या, पार वरळीच्या चाळींतून बोलावणी यायला लागली. नाचणारे गडी आणि मृदंग खांद्याला लावून वडील बरोबर जायचे. संप महिन्याभरात मिटेल असं तेव्हाही लोक म्हणत होते.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगायला मला नीट जमत नाही. त्यात घडलं असं काही नाही. माणसं गावी गेली, एकेक खोलीला कुलूप लागलं. आई एका खानावळीच्या चपात्या लाटून द्यायची. खानावळीत जेवणारेच गावी गेल्यावर ते काम बंद झालं, मग ती टिकल्या आणायला लागली. पुठ्ठ्याच्या कार्डावर टिकल्या चिकटवायच्या आणि कार्डं परत नेऊन द्यायची. मी शाळेतून आले की तिच्यासमोर बसून तेच करायची. बोटांना डिंक लागून ती कडक व्हायची, भाताचा घास हाताला गरम लागतो की गार ते कळायचं नाही. वडील सवयीने पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, शर्ट घालायचे आणि गॅलरीत स्टुलावर बसायचे. दुपारी जेवून पुन्हा तिथेच. आई त्यांना काही म्हणायची नाही. ते आईला काही म्हणायचे नाहीत. आमच्या घरात भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. शाळेतली एक मैत्रीण विचारायची, तुमच्याकडे आता कसं चाललंय? मी सांगायची, चाललंय.

काकी, म्हणजे काकांची बायको, त्या वर्षी आजारी पडली. छातीचं दुखणं होतं. खोकल्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा, वडील सोडून सगळ्यांना ऐकू यायचा. कामगारांच्या दवाखान्यात उपचार चालू ठेवायचे तर माणूस कामावर हवा, असं काकांना कोणीतरी सांगितलं. ते खरं होतं की कोणी मुद्दाम सांगितलं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गिरणीने तोवर थोडी माणसं घेऊन एक खातं चालू केलं होतं. पहाटे जाळी लावलेली गाडी नाक्यावर यायची, पुढे-मागे पोलीस असायचे, आणि कामावर जाणारे मान खाली घालून त्यात चढायचे. एका सकाळी काका त्या गाडीत चढले.

चाळीत कोणी आरडाओरडा केला नाही. आधीच्या वर्षी असं झालं असतं तर डोकी फुटली असती. आता नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, “शाहीर फुटला.” दुसरी म्हणाली, “हं.” आणि तिने हंडा उचलला. त्या दिवसापासून काका जिन्यात आले की माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. काकी नळावर आली की बायका बाजूला व्हायच्या, म्हणजे तिला नंबर लावावा लागायचा नाही. ती पाणी भरून एकटी निघून जायची.

वडील या सगळ्यावर काय म्हणतात याची चाळीला उत्सुकता होती. एकजण मुद्दाम आमच्या खोलीत येऊन त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला, “तुझा शाहीर गेला कामावर.”

वडील म्हणाले, “बघितलं मी.”

“मग?”

“मग काय?”

तो माणूस उठून गेला.

गौरी जवळ आल्या तशी एका संध्याकाळी काका आमच्या दारात आले. आत आले नाहीत. आई टिकल्यांची कार्डं मोजत होती. तिने वर बघितलं आणि वडिलांच्या गुडघ्याला हात लावून दाराकडे खूण केली.

काका म्हणाले, “यंदा नाच व्हायचा काय?”

वडील त्यांच्या ओठांकडे बघत होते. “नाचणार कोण?”

“ते नाय ठाऊक. मी गाईन. गौरीचं गाणं हाय, ते नाय चुकवायचं मला. तू वाजवशील?”

वडिलांनी उत्तर द्यायला वेळ लावला. त्यांना कळलं नाही असं वाटून काका पुन्हा सांगायला लागले, तेवढ्यात ते म्हणाले, “वाजवीन.”

काका गेल्यावर आई म्हणाली, “लोक आपल्यालाही वाळीत टाकतील.” ती कार्डांकडे बघत बोलली, त्यामुळे वडिलांना ते कळलं नसावं. तिने मान वर करून पुन्हा सांगितलं नाही.

चाळीतल्या जाणत्या माणसांची बैठक झाली. त्यांनी ठरवलं ते असं, की नाच गौरीचा आहे, तो बंद करायचा अधिकार आपल्याला नाही. शाहिराला गायचं तर त्याने गावं. पण रिंगणात कोणी उतरणार नाही. हे काकांना सांगायला कोणी गेलं नाही. ते त्यांच्या कानावर गेलंच असणार.

गौरीच्या दुपारी काका चौकात येऊन बसले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला शेला. वडील मृदंग घेऊन त्यांच्या डाव्या हाताला बसले. झांजवाला आला नव्हता, म्हणून काकांनीच झांज हातात घेतली. गॅलऱ्या भरल्या होत्या. हे मला अजून आठवतं, की बघायला सगळे आले. दरवर्षी नाचणारे जे गडी मुंबईत उरले होते, तेही खाली भिंतीला टेकून उभे होते. पायांत चाळ कोणीच बांधले नव्हते. मी दुसऱ्या मजल्यावर आईजवळ होते. काकी खोलीच्या उंबऱ्यावर भिंतीला डोकं लावून बसली होती, तिला तिथून चौक दिसत नव्हता.

काकांनी गण सुरू केला. आवाज नेहमीसारखाच होता. चाळीतलाच एक माणूस एवढ्या माणसांसमोर गात होता आणि त्याच्याभोवतीची फरशी मोकळी होती. कोणी शिव्या दिल्या नाहीत, शिट्टी मारली नाही, निघूनही गेलं नाही. सगळे बघत होते.

वडिलांची मान सवयीने खाली होती. बघायला पाय नव्हते. पहिल्या दोन ओळी त्यांनी अंदाजाने वाजवल्या, मग थाप मागे पडायला लागली. काका त्यांच्यासाठी थांबले, शब्द ओढून धरला, पुन्हा जुळवून घेतलं. पुन्हा थाप सुटली. गाणं एकीकडे आणि मृदंग दुसरीकडे, असं व्हायला लागलं. काकांनी झांज त्यांच्या डोळ्यांसमोर धरून वाजवून बघितली. गाता गाता ते नीट जमेना. शेवटी गाणं थांबलं. काकांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि गण पहिल्यापासून सुरू केला. तेव्हाही तसंच झालं.

माझ्या शेजारी उभी असलेली आई जिन्याकडे निघाली. मला वाटलं वडिलांना वर घेऊन यायला चालली. चौकात पोचल्यावर तिने पदर कमरेला खोचला, चपला कडेला काढल्या आणि ती त्या दोघांभोवती चालायला लागली.

जाखडीच्या रिंगणात बाई जात नाही. निदान तेव्हा जात नसे. आई जे करत होती ती जाखडी नव्हतीच. गौरीच्या फेरात बायका टाकतात तीच साधी पावलं ती टाकत होती, एक पुढे, एक जोडून, थोडं वाकून. बायकांच्या फेरात हाताला हात असतो, टाळी असते. तिचे हात नुसते बाजूला लोंबत होते. वर्षभर बसून काम केल्याने की काय, ती थोडी लंगडत होती. वडिलांनी तिच्याकडे वर बघितलं नाही. ती कोण आहे हे त्यांना पायांवरून कळलं असेलच. दुसऱ्या फेरीला थाप पावलावर पडली आणि मग सुटली नाही.

गण पुरा झाला. काकांनी एक गवळण म्हटली. आई तेवढा वेळ फिरत राहिली. सवाल घ्यायला समोर कोणी नव्हतं, म्हणून काकांनी झांज खाली ठेवली, गौरीच्या नावाने जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि उठले. आई चपला हातात घेऊन वर आली. मोरीत पाय धुतले, फडक्याने पुसले आणि टिकल्यांचा डबा पुढे ओढून बसली. मी तिच्यासमोर बसले.

“किती कार्डं राहिली?” तिने विचारलं.

“आहेत बरीच,” मी म्हटलं.

नंतर कधी हे मी कोणाला सांगितलं की ते म्हणतात, तेव्हा तुला किती भरून आलं असेल. मला काही वाटलं नव्हतं. आईला काही वाटलं असावं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. वडील मृदंग खुंटीला अडकवून गॅलरीत स्टुलावर जाऊन बसले. खाली माणसं पांगली. बायका गौरीला हळदीकुंकू वाहायला एकमेकींकडे गेल्या. त्या वर्षी आमच्याकडे कमी आल्या. पुढे काही दिवस दोन-तीन घरं आईशी बोलत नव्हती, मग नळाचं पाणी गेलं तेव्हा कोणीतरी विचारलंच, तुमच्याकडे कळशीभर असेल का, आणि बोलणं आपोआप सुरू झालं. त्या दुपारचा विषय कोणी काढला नाही. आईची कोणी स्तुती केली नाही आणि तिला दोषही दिला नाही.

काकी दिवाळीच्या आत गेली. खांदा द्यायला चाळीतली माणसं गेली, त्यात बैठकीतले जाणतेही होते. काका त्यानंतरही काही महिने गाडीत चढत राहिले. मग गिरणीने तेही खातं बंद केलं. एका सकाळी गाडी आली नाही, दुसऱ्या सकाळीही आली नाही. काकांनी खोलीला कुलूप लावलं आणि गाव धरलं. संप कधी संपला ते मला सांगता येणार नाही. तो संपला असं जाहीर करणारं कोणी आलं नाही. वडील गेटवर जाऊन यायचे. बऱ्याच जणांना परत घेतलं, त्यांना घेतलं नाही. मग ते एका बांधकामावर वॉचमन झाले. तिथे रात्रीचा आवाज ऐकू यावा लागतो, म्हणून तीही नोकरी टिकली नाही. पुढे एका किराणा दुकानात धान्य निवडण्याचं काम मिळालं. ते त्यांनी म्हातारपणापर्यंत केलं.

चाळीतला नाच पुन्हा झाला नाही. ठरवून बंद केला असंही नाही. पुढच्या वर्षी शाहीर नव्हता, त्याच्या पुढच्या वर्षी गडी नव्हते, मग कोणीतरी चौकात कॅसेट लावली.

वडील एकदाच गणपतीला गावी जाऊन आले. आल्यावर आईने विचारलं, शाहीर कसे आहेत? वडील म्हणाले, “बरा हाय. दात काढलेत सगळे.” एकत्र वाजवलं का ते आईने विचारलं नाही. काही वर्षांनी गावाहून आलेल्या माणसाने सांगितलं, की काका गेले. वडील तेव्हा जेवत होते. त्यांनी त्या माणसाला पुन्हा सांगायला लावलं, ओठांकडे नीट बघितलं, आणि ताटातला भात संपवला.

मला फोर्टात एका विम्याच्या कचेरीत नोकरी लागली. आम्ही वडाळ्याला दोन खोल्यांत राहायला गेलो. कचेरीतल्या एका सहकारी बाईंनी एकदा मला तीन पास दिले. दादरच्या एका सभागृहात रविवारी सकाळी कोकणच्या लोककलांचा कार्यक्रम होता, सहकुटुंब या असं पासावर छापलं होतं. आईवडिलांना घेऊन गेले. पुढच्या रांगांत लहान मुलं, त्यांचे आईबाप, आजीआजोबा, मोबाईल वर धरलेले. नमन झालं, कोळीनृत्य झालं, मग जाखडी आली. नाचणाऱ्या सगळ्या कॉलेजच्या मुली होत्या. जरीच्या टोप्या, दोन्ही पायांत चाळ. निवेदक चांगला होता, मुलांना कळेल असं बोलत होता. आपला वारसा, आपली माती, असं सांगत होता. गिरणगावानेच ही कला मुंबईत जपली असं म्हणून त्याने विचारलं, “प्रेक्षकांत कोणी आहेत का, त्या काळी चाळीत जाखडी केलेले? हात वर करा बघू!”

चार-पाच म्हाताऱ्यांनी हात वर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी मागे वळून बघितलं. वडिलांना प्रश्न ऐकू आला नव्हता. मी आईकडे बघितलं. ती मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून स्टेजकडे बघत होती. तिला ऐकू आलं होतं. मीही वडिलांना प्रश्न सांगितला नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही जवळच्या एका उडपी हॉटेलात गेलो. वडिलांनी इडली मागवली, आईने डोसा. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, “आई, त्या गौरीला तू खाली का गेली होतीस?”

ती डोशाचा तुकडा चटणीत बुडवत होती. कोणती गौर हे तिने विचारलं नाही.

“गाणं सुरू झालं होतं ना,” ती म्हणाली. “गणाला मध्येच सोडत नाहीत.”

“काकांसाठी गेलीस की बाबांसाठी?”

“असं काही नाही गो. मला तिथे उभं राहवेना.” मग म्हणाली, “भीतीबिती काही नाही वाटली. तेव्हा काहीच वाटायचं नाही. तुला वाटायचं?”

“नाही,” मी म्हटलं.

वडील आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना काय विचारावं ते मला सुचेना, म्हणून मोठ्याने, ओठ हलवून विचारलं, “कार्यक्रम आवडला?”

“स्पीकर मोठा होता,” ते छातीवर हात ठेवून म्हणाले. “इथे लागत होता.”

वेटरने बिल आणून ठेवलं. आईने पदराने हात पुसले आणि म्हणाली, “पोरी चांगल्या नाचल्या. ती कडेची, निळ्या टोपीची, फार दमली होती. मध्ये कोणी तिला पाणी द्यायला पाहिजे होतं.”

आम्ही बाहेर येऊन वडाळ्याची टॅक्सी केली. ऊन चांगलंच चढलं होतं. वडील पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि आई माझ्या खांद्याला टेकून झोपली.